निदान मालकाचं, दुरुस्ती मिस्त्रीची: जुनी कॅराव्हॅन घेणाऱ्यांसाठी



कॅराव्हॅन भाड्याने देण्याच्या धंद्यावरचा व्हिडिओ झाल्यापासून एकच प्रश्न फिरून फिरून येतोय. "सर, नवीन गाडी बजेटमध्ये बसत नाही. दहा-बारा वर्षांची जुनी, आधीच कुणीतरी बनवलेली गाडी घेतली तर चालेल का?"

चालेल. पण एक अट आहे, आणि ती बऱ्याच जणांना आवडणार नाही. गाडीत बिघाड झाला तर तो नेमका कुठे आहे हे शोधायला तुम्ही स्वतः शिकायचं. दुरुस्त करायला मिस्त्री आहे. शोधण्याचं काम मात्र मालकाचं.

आता तुम्ही म्हणाल, सर, तुम्हीच तर सांगता की मालकाने पाना हातात घेऊ नये, माणसं नेमावीत, सिस्टिम लावावी. बरोबर. दहा गाड्या असतील त्याला मी आजही हेच सांगेन. पण ज्याच्याकडे एकच जुनी गाडी आहे, ज्याने पीएफ मोडून किंवा बायकोचे दागिने ठेवून ती घेतली आहे, त्याला "डेलिगेट करा" हा सल्ला देणं म्हणजे त्याला गॅरेजवाल्याच्या भरवशावर सोडून देणं. पाना नको घेऊ हातात, पण मल्टिमीटर घे. पाचशे रुपयांचा मिळतो.

एकाच गाडीत दोन धंदे

आपल्याकडच्या बहुतेक जुन्या कॅराव्हॅन ट्रॅव्हलरवर बांधलेल्या असतात. याचं कारण सरळ आहे. ही गाडी पुण्याच्या फोर्स मोटर्सची, म्हणजे पूर्वीच्या बजाज टेम्पोची, म्हणून लोक अजून तिला टेम्पो ट्रॅव्हलरच म्हणतात. शाळेच्या बसपासून अँब्युलन्सपर्यंत सगळीकडे ती आहे. त्यामुळे इंजिन, क्लच, ब्रेक यांचं काम करणारा माणूस तालुक्याच्या गावी सापडतो आणि पार्टही मिळतो. जुनी गाडी घ्यायची तर ही मोठी जमेची बाजू.

पण कॅराव्हॅन म्हणजे नुसती गाडी नाही. तिच्या आत एक घर आहे: पाण्याची टाकी, पंप, वेगळी बॅटरी, इन्व्हर्टर, फ्रिज, शेगडी, संडास. गाडीचा मिस्त्री इंजिन जाणतो, पण मागच्या वायरिंगला हात लावत नाही. "ते कुणी केलंय त्यालाच विचारा." घरचा इलेक्ट्रिशियन २३० व्होल्ट जाणतो, पण १२ व्होल्टच्या जाड वायरी बघून गोंधळतो. प्लंबरला न हलणाऱ्या घराची सवय. आणि बिघाड होतो तो नेमका या तिघांच्या मधल्या जागेत, जिथे गाडी संपते आणि घर सुरू होतं. त्या जागेचा मालक तुमच्याशिवाय कुणीच नाही.

दुसरी गोष्ट पैशाची. आपल्याकडे "बघण्याचे" पैसे कुणी देत नाही. डॉक्टरला तपासणी फी देतो, पण मिस्त्रीने दोन तास वाकून वायर शोधली आणि शेवटी एक नट आवळला, तर आपण म्हणतो, "नट आवळायचे एवढे?" मग मिस्त्री काय करणार? त्यालाही घर आहे. तो पार्ट बदलतो. पार्टमध्ये त्याचं मार्जिन निघतं, गिऱ्हाईकाला डबा उघडताना दिसतो, दोघंही खूश. बिघाड गेला तर गेला, नाही गेला तर पुढचा पार्ट. यात मी मिस्त्रीला दोष देत नाही, ही सवय आपण लावली आहे. माझं मत स्पष्ट आहे: मिस्त्रीशी आधीच ठरवा की शोधायचे आठशे किंवा हजार रुपये वेगळे देणार, काही बदललं नाही तरी देणार. एवढं एक वाक्य बोललात तर त्याचा सल्ला बदललेला दिसेल.

दोन बॅटऱ्या आणि एक गंजलेला बोल्ट

कोल्हापूर भागातलं एक जोडपं माझ्याकडे बॅचला होतं. अकरा वर्षांची ट्रॅव्हलर, आत चार जणांची सोय, गाडी देखणी. तक्रार एकच: रात्री नऊ-दहाला मागचे दिवे मंद व्हायचे आणि पंखा बंद पडायचा. पाहुणे वैतागायचे. आधी दुकानदाराने बॅटरी बदलायला लावली. महिन्याभरात तेच. मग म्हणाला इन्व्हर्टर खातोय, तो बदलला. पुन्हा तेच. मग परत बॅटरी, या वेळी मोठी. एकूण चाळीस हजारांच्या वर गेले आणि पंखा दहालाच बंद.

मी त्यांना इंजिन चालू ठेवून, मागचे दिवे-पंखा लावून दोन ठिकाणी मीटर लावायला सांगितला. पुढच्या, म्हणजे इंजिनच्या बॅटरीवर १४.२ व्होल्ट. म्हणजे अल्टरनेटर ठणठणीत. मागच्या, म्हणजे घराच्या बॅटरीवर १२.९. तेराच्या खाली असलेली लेड-अॅसिड बॅटरी दिवसभर गाडी पळवली तरी पूर्ण भरत नाही, तिला चार्जिंगला चौदाच्या आसपास लागतात. म्हणजे नवी बॅटरी रोज अर्धपोटी झोपत होती.

मधले १.३ व्होल्ट गेले कुठे? इथे एक युक्ती आहे, ती शिकून घ्या. मीटरची एक पिन पुढच्या बॅटरीच्या प्लसवर आणि दुसरी मागच्या बॅटरीच्या प्लसवर ठेवायची. वायर चांगली असेल तर आकडा शून्याच्या जवळ हवा. इथे ०.४ आला. वायर थोडी बारीक होती. मग तेच मायनसला: एक पिन पुढच्या मायनसवर, एक मागच्या मायनसवर. ०.९! म्हणजे चोर अर्थच्या बाजूला. मागच्या बॅटरीची अर्थ वायर चॅसिसला जिथे बोल्टने धरली होती, तिथे रंगावरच बोल्ट आवळलेला आणि खाली गंज. मिस्त्रीने खरवडलं, पॉलिश पेपर मारला, नवा लग लावला, वरून ग्रीस. अर्ध्या तासाचं काम. आता वायरही जाड टाकून घेतली आहे.

मुद्दा लक्षात घ्या. त्या दुकानदाराने फसवलं असं मला वाटत नाही. तो बॅटरी विकतो, त्याला बॅटरीच दिसणार.

म्हणून काही आकडे पाठ करा. लेड-अॅसिड बॅटरी चार्जिंग काढून काही तास पडून राहिली की १२.६ ते १२.७ म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे साधारण निम्मी, १२ च्या खाली गेली की तिचे हाल सुरू. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४. लिथियम घातली असेल तर हे आकडे लागू नाहीत, आणि तिथे आणखी एक धोका आहे. लिथियम बॅटरी जुन्या अल्टरनेटरला थेट जोडली की ती इतका करंट ओढते की अल्टरनेटर तापून जळू शकतो. मधे डीसी-टू-डीसी चार्जर लागतोच. विकणाऱ्याने "लिथियम टाकलीय सर" असं अभिमानाने सांगितलं की तो चार्जर दाखवायला सांगा.

आणि गाडी उभी असताना बॅटरी उतरत असेल तर सगळं बंद करा, मायनसच्या वायरीत मीटर अँपिअरवर ठेवून जोडा आणि एकेक फ्यूज काढत जा. मीटर असा जोडलेला असताना इंजिन मारायचं नाही की मोठा लोड लावायचा नाही, नाहीतर मीटरच जातो. ज्या फ्यूजला आकडा पडला, चोर त्या लाइनवर. पन्नास वायरी तपासण्यापेक्षा असं निम्मं-निम्मं करत गेलं की लवकर पोहोचता येतं. (विक्री का घटली हे शोधतानाही मी हेच करायला सांगतो, पण तो वेगळा विषय.)

पाणी: इथे मी कडक आहे

इंजिन खराब असेल तर बांधता येतं. छत गळत असेल तर आतलं लाकूड कुजतं, आणि कुजलेली कॅराव्हॅन दुरुस्त करणं म्हणजे ती पुन्हा बांधणं. आपल्या पावसात, त्यातून कोकणात गाडी राहणार असेल तर, बाकी सगळं तपासण्याआधी हे तपासा.

गळती कुठे होते? जिथे जिथे छताला भोक पाडलं आहे तिथे: एसी, व्हेंट, कॅरिअरचे बोल्ट, सोलर पॅनेलचे पाय, बाजूच्या ताडपत्रीचे ब्रॅकेट, खिडक्यांच्या कडा. आत जाऊन प्लायचे कोपरे अंगठ्याने दाबा. दबलं की संपलं. गाद्या उचला, कपाटाच्या आतलं तळ बघा, वास घ्या. सगळी गाडी जुनी आणि एकाच भिंतीवर नवा कोरा वॉलपेपर असेल तर तो का लावला ते विचारा.

एक गोष्ट मिस्त्रीसुद्धा विसरतात: पाणी जिथे ठिबकतं तिथे भोक नसतं. पाणी छताच्या पट्टीवरून चार फूट चालत येतं आणि मग पडतं. म्हणून होज पाइपने हळू पाणी सोडायचं, आणि खालून वर जायचं. आधी खिडकीची खालची कड, दहा मिनिटं. मग वरची. मग छत. आत एक माणूस टॉर्च आणि खडू घेऊन. वरून सुरू केलं तर पाणी सगळीकडून ओघळतं आणि काहीच कळत नाही.

आणि कृपा करून सिलिकॉनवर सिलिकॉन थापू नका. जुन्या सिलिकॉनवर नवीन काहीच नीट चिकटत नाही, वरून छान दिसतं आणि पुढच्या मृगाला पुन्हा बादली. जुनं पूर्ण खरवडून, जागा साफ आणि कोरडी करून, ब्युटाइल टेप किंवा पॉलियुरेथेन सीलंट वापरायचं. कंटाळवाणं काम आहे. दोन दिवस जातात. पण चार महिन्यांचा पाऊस तिथेच अडतो.

आतल्या पाण्याबद्दल थोडक्यात. नळ बंद असताना पंप अधूनमधून आपोआप सुरू होत असेल तर कुठेतरी थेंब जातोय किंवा पंपाचा व्हॉल्व्ह गेलाय. पंप फिरतोय पण पाणी येत नाही, तर टाकीकडची जाळी तुंबलीय किंवा पाइपमधून हवा ओढतोय. या दोन्हींत पंप बदलायची घाई नको.

गॅस

इथे माझं मत अनेकांना पटत नाही. जुन्या, दुसऱ्याने बनवलेल्या गाडीत आतली गॅस फिटिंग मी काढूनच टाकायला सांगतो. एलपीजी हवेपेक्षा जड. गळला तर खाली फरशीवर साचतो, नाकापर्यंत वास यायला वेळ लागतो, आणि त्याच फरशीवर पाहुण्यांची पोरं झोपलेली असतात. म्हणून अशा गाडीत तळाशी हवेची भोकं लागतात. मी पाहिलेल्या कितीतरी गाड्यांत ती भोकं झुरळं येतात म्हणून टेपने बंद केलेली होती.

"मग इंडक्शन लावू का सर?" हिशोब करा. १८०० वॅटची इंडक्शन १२ व्होल्टवरून चालवली तर १५० अँपिअर, वर इन्व्हर्टरचा लॉस. शंभर अँपिअर-अवरची लेड-अॅसिड बॅटरी, तिच्यातली निम्मीच वापरायची, तर पिठलं शिजायच्या आत बॅटरी बसेल. बाहेरून लाइट मिळते तिथेच इंडक्शन. एरवी स्वयंपाक बाहेर, ताडपत्रीखाली, छोट्या शेगडीवर. पाहुण्यांना खरं तर तेच आवडतं.

आत गॅस ठेवायचाच असेल तर प्रत्येक सांध्याला साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघायचे, आयएसआय मार्कची नळी, तिच्यावरची तारीख बघून वेळेत बदलायची, आणि गॅस व कार्बन मोनॉक्साइडचे अलार्म. काडी पेटवून गळती बघणारा मिस्त्री दिसला तर त्याला चहा पाजून घरी पाठवा.

वजन आणि कागद

प्रवासी गाडी संध्याकाळी रिकामी होते. कॅराव्हॅन कधीच रिकामी होत नाही. कपाटं, पलंग, बॅटऱ्या, दोनशे लिटर पाणी म्हणजे दोनशे किलो, हे सगळं बारा महिने पाट्यांवर बसलेलं असतं. गाडी एका बाजूला ओढत असेल तर अलाइनमेंट करण्याआधी वजनकाट्यावर न्या. आधी पुढची चाकं, मग पूर्ण गाडी. जमलं तर डावी-उजवी बाजू वेगवेगळी. टाकी आणि बॅटऱ्या एकाच बाजूला बसवलेली गाडी कितीही अलाइनमेंट करा, ओढणारच.

टायरची नक्षी बघून फसू नका. उभ्या गाडीचे टायर झिजत नाहीत, वाळतात. बाजूला चार आकडे असतात, २३१८ म्हणजे २०१८ चा तेविसावा आठवडा. सहा-सात वर्षांवरचा टायर नक्षी पूर्ण असली तरी मी पाहुण्यांसाठी वापरू देत नाही. ब्रेक ऑइलचंही तसंच, ते हवेतलं पाणी शोषतं, आणि भरलेली गाडी आंबोली उतरताना ब्रेक तापले की ते पाणी उकळतं आणि पेडल पोकळ होतं. दोन वर्षांनी बदलायचं.

कागद नीट वाचा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीच्या मूळ रचनेत मनमानी बदल करता येत नाही, आणि मोटार कॅराव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे वेगळं मानक आहे. आरसीवर अजून साधी प्रवासी गाडी लिहिलेली आणि आत पलंग असेल तर अपघाताच्या दिवशी विमा कंपनी पहिला प्रश्न तोच विचारेल. खासगी नोंदणीची गाडी भाड्याने देणं हा आणखी वेगळा घोळ. महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण आणलं, त्यामुळे विषय सरकारदरबारी नवा राहिलेला नाही. तुमच्या आरटीओत जाऊन, त्या गाडीचा नंबर दाखवून, विचारून या. एजंटला नव्हे, खिडकीवर.

हिशोब कसा धरायचा

समजा भाडं दिवसाला सहा हजार. लाँग वीकेंडचे तीन दिवस गाडी उभी राहिली तर अठरा हजार गेले, वर पाहुण्यांचा परतावा आणि त्यांची बोलणी. त्यापुढे हजार रुपयांची तपासणी काहीच नाही. म्हणून दुरुस्तीचा क्रम असा ठेवा: ज्याने माणूस मरेल ते आधी, ज्याने बुकिंग बुडेल ते नंतर, जे नुसतं वाईट दिसतं ते शेवटी. लोक नेमकं उलटं करतात. पडदे आणि एलईडी पट्ट्या पहिल्या महिन्यात, ब्रेक ऑइल कधीतरी. कारण पडदे इन्स्टाग्रामवर दिसतात.

एक दोनशे पानी वही करा. तारीख, किलोमीटर, काय झालं, काय मोजलं, काय केलं, किती गेले. "काय मोजलं" हा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. सहा महिन्यांनी तोच बिघाड आला की मिस्त्री बदललेला असतो, वही तीच असते. पुढे गाडी विकतानाही ही वही दाखवली की भाव वेगळा येतो.

पावसाळ्यात गाडी उभी राहणार असेल तर महिन्यातून एकदा दोन्ही बॅटऱ्या पूर्ण चार्ज करा. अर्धवट भरलेली लेड-अॅसिड बॅटरी चार महिने पडली की बसते. आणि बॉनेट उघडून उंदीर बघा. कोकणातल्या उंदराला वायर का आवडते माहीत नाही, पण आवडते.

आता गाडी बघायला जाणार असाल तर सकाळी लवकर जा आणि फोनवरच सांगा की मी येईपर्यंत स्टार्ट करू नका. पोहोचल्यावर बॉनेटवर हात ठेवा. गरम असेल तर थंड इंजिन मारताना काय होतं ते तुम्हाला बघू द्यायचं नव्हतं. थंड इंजिनला निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, काळा म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त, पांढरा गरम झाल्यावरही थांबला नाही तर कूलंट आत जातंय का ते बघायला लावा. मीटर, टॉर्च, खडू, साबणाचं पाणी पिशवीत असू द्या. जे जे सापडेल ते वहीत लिहा, समोर तुमच्या मिस्त्रीने सांगितलेला खर्च, आणि ती बेरीज मालकासमोर ठेवून भाव करा. अर्थ, टायर, पंप, बॅटरी, अगदी क्लचसुद्धा, या सगळ्यांवर भाव होतो. फरशीचा प्लाय पायाखाली दबला तर मात्र वही बंद करायची, पाणी प्यायचं आणि निघायचं.